घरातला साल्व्हिया पुन्हा पुन्हा मान टाकत असेल तर: लक्षणं, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबायचं

खालची पानं एकेक करून पिवळी पडतात आणि गळतात. फांद्या लांबट, लुळ्या होतात. माती ओली असते, तरी झाड मान टाकतं. पाणी कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, खत घातलं; थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

घरात ठेवलेल्या साल्व्हियाचं हे दुखणं मी इतक्या कुंड्यांमध्ये निस्तरलंय, की आता झाडाआधी ते जिथे ठेवलंय ती जागा बघतो. बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते. उजेड कमी पडतो, म्हणून झाड पाणी कमी ओढतं. पाणी ओढलं जात नाही, म्हणून माती ओलीच राहते. ओल्या मातीत हवा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. आपण मात्र या साखळीतलं फक्त पाणी बदलत राहतो, आणि दुखणं परत येतं.

लक्षणं आधी नीट बघा

- माती कोरडी, पानं लोंबलेली, पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत पुन्हा ताठ: ही साधी तहान. काळजीचं कारण नाही.
- माती ओली आणि तरीही पानं लोंबलेली: मुळांना पाणी वर चढवता येत नाहीये. सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण लोंबलेली पानं बघून हात आपोआप पाण्याकडे जातो.
- खालची पानं पिवळी, शेंडा हिरवा, दोन पेरांमधलं अंतर वाढलेलं, झाड खिडकीकडे कललेलं: उजेड कमी.
- पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर: क्षार साठलेत.
- कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नव्हे. माती जास्त अल्कधर्मी असेल किंवा मुळं सतत ओली असतील तरी ते घेता येत नाही.
- पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, पान धुळकट दिसणं, देठाशी बारीक जाळी: लाल कोळी.
- पानं चिकट, हात लावला की पांढरे कण उडतात: पांढरी माशी.
- मातीवर घोटाळणाऱ्या बारीक काळ्या माश्या: माती कायम ओली आहे, एवढा निरोप त्यातून घ्या.
- झाड एरवी बरं, पण फुलं रातोरात गळतात किंवा कळ्याच धरत नाहीत: याचं कारण बऱ्याचदा कुंडीच्या बाहेर असतं. त्याबद्दल पुढे.

एकाच झाडावर दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतील. अशक्त झाडावर कीड आधी बसते, त्यामुळे कीड दिसली म्हणून तेच मूळ कारण धरून बसू नका.

आपल्याकडे कोणता साल्व्हिया आहे?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण याच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. साल्व्हिया ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली प्रचंड मोठी प्रजाती आहे. तिच्यात नऊशेहून अधिक जाती आहेत. चौकोनी खोड आणि समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्या ही कुळाची खूण सगळीकडे सारखी, पण गरजा मात्र वेगळ्या.

लालभडक तुऱ्यांचा स्प्लेंडेन्स मूळचा ब्राझीलचा. त्याला ऊब हवी, माती एकसारखी ओलसर चालते, पण पाणी साचलेलं चालत नाही. तापमान १० अंशांच्या खाली गेलं की तो थिजल्यासारखा होतो. राखाडी, लवदार पानांचा सेज म्हणजे ऑफिसिनॅलिस हा भूमध्य समुद्राच्या काठचा; त्याला भरपूर ऊन, खडबडीत माती आणि दोन पाण्यांमध्ये कोरडेपणा लागतो. रोझमेरीसुद्धा २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ साल्व्हियातच धरतात, आणि तिचा स्वभाव सेजसारखाच आहे. अननसाच्या वासाची पानं असलेला एलेगन्स आणि जांभळ्या मखमली तुऱ्यांचा ल्युकँथा हे दोघे दिवस लहान झाल्यावर फुलणारे. निळ्या तुऱ्यांचा नेमोरोसा थंड हिवाळ्याच्या प्रदेशातला. थंडीत जमिनीवरचा भाग वाळून वसंतात पुन्हा फुटणं हा त्याचा नेम आहे. त्याला बारा महिने उबदार खोलीत ठेवलं तर तो रोडावतो, आणि त्यावर खत-पाण्याचा इलाज नाही. त्याला बाहेरच जागा द्या.

चिठ्ठी हरवली असेल तर एवढा फरक पुरे: पान जाड, लवदार, राखाडी असेल तर कोरडं ठेवा, पातळ, मऊ, हिरवंगार असेल तर ओलसर ठेवा.

पहिली तपासणी: बोट आणि वजन

खर्च शून्य. वरची माती बघून काहीही कळत नाही. वरचा थर सुकून फिका पडलेला असतो आणि चार बोटं खाली चिखल असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. बोटाला माती चिकटून आली, गार लागली तर आज पाणी नाही. खोल कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा; ओल कुठपर्यंत आहे ते काडीचा रंगच सांगतो.

त्याहून चांगली सवय म्हणजे कुंडी उचलून बघणं. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा उचला आणि ते वजन हाताला लक्षात राहू द्या. मग रोज सकाळी उचला. वजन लक्षणीय उतरेल तेव्हाच पाणी. ठरलेल्या वाराला पाणी देण्याची पद्धत घरातल्या साल्व्हियासाठी सोडूनच द्या, कारण ढगाळ आठवड्यात झाड जेवढं पिईल त्याच्या कितीतरी पट ते उन्हाच्या आठवड्यात पितं.

एक उलटी गोष्टही इथेच तपासा. पाणी ओतल्या ओतल्या खालून निघून जातंय आणि कुंडी हलकीच राहतेय? मग माती इतकी सुकलीये की ती पाणी धरतच नाही. कुंडीच्या भिंतीलगत पडलेल्या फटीतून पाणी खाली पळतंय. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात, एक-तृतीयांश बुडेल एवढी ठेवा, मग नीट निथळू द्या.

दुसरी तपासणी: कुंडीच्या खाली काय आहे

बशीत पाणी उभं आहे का? शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली कुंडी बसवली आहे का? ती आतली कुंडी बाहेर काढा आणि बघा. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत तळाशी दोन बोटं शिळं पाणी साचलेलं मला वारंवार सापडतं, आणि झाडाच्या मालकाला त्याचा पत्ताच नसतो. पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे निथळेल ते ओतून टाकायचं. भोकं मुळांनी किंवा मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

हे महत्त्वाचं का? मुळंही श्वास घेतात. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, बारीक शोषक मुळं आधी मरतात, आणि मग पिथियमसारख्या मुळकुजीच्या रोगकारकांना आयतं रान मिळतं. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं.

तिसरी तपासणी: उजेड

इथे घाई करू नका. बहुतेक दुखणी इथेच सुटतात, आणि इथेच माणसं सगळ्यात कमी वेळ देतात.

आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार लवकर जुळवून घेतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. दिव्यांनी छान उजळलेल्या खोलीत तो तीनशे ते पाचशे लक्स असतो. आपल्याला दोन्हीकडे स्वच्छ दिसतं, पण झाडाच्या दृष्टीने एकीकडे पंगत आहे आणि दुसरीकडे उपास. बहुतेक साल्व्हिया दिवसाला सहा तास थेट ऊन मिळेल अशा ठिकाणची झाडं आहेत. खोलीच्या मध्यावरचं टेबल त्यांच्यासाठी जवळजवळ अंधारच.

सावलीची परीक्षा घ्या. दुपारी, जिथे कुंडी आहे तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड धारदार, बोटं मोजता येतात: जागा चांगली. सावली आहे पण कडा पुसट: झाड जगेल, फुलणार नाही. सावली जेमतेम जाणवते: इथे साल्व्हिया टिकणार नाही, तुम्ही पाण्याचं कितीही तंत्र सांभाळा. मोबाइलमध्ये लक्स मोजण्याचं अ‍ॅप असेल तर तेही चालेल; आकडा अचूक नसला तरी दोन जागांमधला फरक कळतो.

मग कुंडी काचेच्या जवळ सरकवा. अगदी जवळ, काचेपासून वीतभर. खिडकीपासून दोन हात आत गेलं की उजेड झपाट्याने घटतो, आणि हे हलवणं फुकटात होतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेची खिडकी आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली; ती नसेल तर पूर्वेची किंवा पश्चिमेची. काच पुसा, जाड पडदा बाजूला करा. दर तीन-चार दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवा, म्हणजे झाड एका बाजूला कलणार नाही. वातानुकूलन यंत्राचा किंवा हीटरचा झोत थेट झाडावर येत नाही ना, तेही बघा. त्या वाऱ्याने पानं मुळांच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी गमावतात.

अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका. सावलीत वाढलेली पानं पातळ असतात. ती भाजतात आणि पांढरट चट्टे पडतात. सात ते दहा दिवसांत हळूहळू उन्हाचा वेळ वाढवत न्या. आणि जागा बदलल्यावर पाण्याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधा, कारण आता झाड जास्त पिणार आहे.

जागा बदलल्यावर तीन आठवडे थांबा. जुनी पिवळी पानं हिरवी होत नाहीत, ती गळणारच. बघायचं ते शेंड्याकडे: नवी पानं आधीच्यापेक्षा जवळजवळ येतायत का, रंग गडद आहे का, देठ आखूड आहे का. उत्तर होकारार्थी असेल तर पुढचं काही करू नका.

चौथी तपासणी: पानाची खालची बाजू

पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर धूळ पडेल. ती धूळ हलते का ते मिनिटभर बघत राहा. हलणारा ठिपका बोटाने पुसल्यावर लालसर किंवा हिरवट रेघ उठली तर तो कोळी. मग पान उलटून शिरेच्या दोन्ही बाजूंना बघा: पांढऱ्या माशीची पिल्लं चपट्या, जवळजवळ पारदर्शक खवल्यांसारखी पानाला चिकटून बसलेली असतात. मावा कोवळ्या शेंड्यावर घोळक्याने असतो, पिठ्या ढेकूण पेराच्या बेचक्यात कापसासारखा.

पहिला इलाज पाणी. माती प्लास्टिकने झाकून झाड आडवं धरा आणि पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा बऱ्यापैकी जोराचा फवारा मारा. निम्मी कीड इथेच जाते. त्यानंतर बागकामासाठी मिळणारा पोटॅश साबण, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. भांडी घासायचा साबण नको, त्यातल्या रसायनांनी पानं करपतात. आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस वाट बघा. लवदार पानं द्रव धरून ठेवतात, म्हणून सेजच्या बाबतीत ही खबरदारी टाळू नका. फवारणी संध्याकाळी करा, पानाच्या खालून करा, आणि दर पाच ते सात दिवसांनी तीन-चार वेळा करा. साबण फक्त अंगावर पडलेल्या किडीला मारतो, अंडी तशीच राहतात. उबेत कोळ्याची पुढची पिढी आठवड्याभरात तयार होते. एकदा फवारून थांबलात तर कीड परत येणार हे धरून चाला. तोवर कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

पानावर पांढरं पीठ दिसलं तर ती भुरी असू शकते. सेजच्या पानाची लव आणि भुरी यांत गोंधळ होतो, अंगठ्याने चोळा. भुरी पुसली जाते आणि खाली हिरवं पान दिसतं, लव पुसली जात नाही. भुरीला पान भिजायची गरज लागत नाही, कोंदट हवा आणि सावली तिला पुरते. लागलेली पानं काढून टाका, फांद्या विरळ करा, झाडाभोवती हवा खेळती ठेवा.

पाचवी तपासणी: खत आणि क्षार

आजारी झाडाला खत घालू नये. पिवळं पान दिसलं की खत आठवतं, पण मुळं दुखावलेली असताना खतातले क्षार त्यांचं पाणी आणखी तोडतात. स्प्लेंडेन्स तर क्षारांच्या बाबतीत विशेष नाजूक आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल आणि मुळं धड असतील, तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू मातीतून जाऊ द्या आणि निथळू द्या. मिठाने मृदू केलेलं पाणी घरात येत असेल तर ते झाडांना नको. त्यातला सोडियम साठत जातो. झाड सावरून नवी फूट धरल्यावरच खत, तेही सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मं.

फुलांची तक्रार

ही दोन कारणं फारशी कुणी तपासत नाही.

पहिलं, रात्रीचा दिवा. एलेगन्स आणि ल्युकँथा यांना कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड रात्र लागते. बैठकीच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत दिवा जळत असेल तर झाडाच्या हिशेबी दिवस संपलेलाच नसतो. पानं हिरवीगार राहतात आणि तुरा येत नाही. दिवस लहान होऊ लागल्यावर त्यांना संध्याकाळनंतर वापरात नसलेल्या खोलीत ठेवा.

दुसरं, हवेतला इथिलीन. पिकणारी फळं हा वायू सोडतात, अर्धवट जळणाऱ्या ज्योतीतूनही तो निघतो, आणि साल्व्हियाची फुलं त्याला फार लवकर बळी पडतात: तुऱ्यावरची लाल नळी पटापट गळते आणि नुसती संदलं, म्हणजे फुलाच्या बुडाची बाहेरची दलं, उरतात. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधला हा वायूच झाडांची वाढ बिघडवतो हे दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन संशोधकाने १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दाखवलं होतं. फळांची टोपली कुंडीजवळ असेल तर ती दूर ठेवा आणि आठवडाभर बघा.

सहावी पायरी: छाटणी आणि दिवा

उजेड सुधारल्यावर लांबट फांद्या छाटा. सुधारण्याआधी छाटलंत तर नवी फूटही तशीच लुळी येईल. पानांच्या जोडीच्या थोडं वर काप घ्या, तिथल्या दोन्ही डोळ्यांतून फुटवे येतात. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. सेजच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडात कापू नका. तिथून फूट येईलच असं नाही.

खिडकी अपुरीच असेल तर दिवा हा एकच मार्ग, आणि इथे पहिल्यांदा पैसे खर्च होतात. पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी चालतो, जांभळाच हवा असं नाही. शेंड्यापासून साधारण वीतभर ते दीड वीत उंचीवर लावा. लांब टांगलेल्या छोट्या दिव्याचा उपयोग होत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड जवळपास चौथाई उरतो. दिवसाला बारा ते चौदा तास, टायमर लावून (एलेगन्स आणि ल्युकँथाला कळी धरायच्या दिवसांत याहून कमी). रात्र अंधारीच ठेवा.

सातवी पायरी: मुळं बघणं

ही पायरी शेवटाकडे ठेवली, कारण मुळं उघडी करण्याचा झाडाला धक्का बसतो. एक अपवाद आहे: माती ओली असताना झाड दोन दिवसांहून जास्त मान टाकून असेल, तर मधलं सगळं सोडून इथेच या.

खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करा, काठ टेबलावर आपटा, मुळांचा गोळा अलगद बाहेर घ्या. आधी वास घ्या. निरोगी मातीला पावसाचा वास असतो; कुजलेल्या मुळांना गटारासारखा आंबूस. चांगलं मूळ मोत्याच्या रंगाचं किंवा फिकट पिवळसर, ताठ असतं. कुजलेलं तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा: बाहेरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत केसासारखा बारीक दोरा उरतो. एवढं बघितलं की शंका उरत नाही.

कात्री स्पिरिटने पुसून कुजलेली मुळं चांगल्या भागापर्यंत कापा. जेवढी मुळं गेली तेवढी पानंही कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांना ती पोसवणार नाहीत. जुनी माती फेका. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्या; मोठ्या कुंडीतली, मुळं न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि कूज परत येते. हिरव्या मऊ पानांच्या जातींना दोन भाग कोकोपीट किंवा कुंडीचं तयार मिश्रण आणि एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके, पांढरे कण) किंवा जाड वाळू; सेज आणि रोझमेरीला निम्मी वाळू-परलाइट.

तळाला खडे घालू नका. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, मातीचा तळ पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडकतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. माती भोकातून सांडत असेल तर जाळीचा तुकडा पुरे.

एकदा पाणी द्या, निथळू द्या, आठवडाभर उजेडात पण थेट उन्हापासून बाजूला ठेवा. खत नाही.

मुळं कुजलेली नसून नुसती गोल गोल गुंडाळलेली असतील, तर बाहेरची मुळं बोटांनी सैल करा आणि एक माप मोठी कुंडी द्या. मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिशय बारीक कृमी. ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका.

आठवी पायरी: झाड नाही, वाण वाचवा

निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाडावर मेहनत घेण्यापेक्षा फांद्या लावा. फूल नसलेला, निरोगी, आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या लगेच खाली कापा. खालची पानं काढा, वर दोन-तीन जोड्या ठेवा. ओलसर परलाइट किंवा वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. मऊ पानांच्या जातींवर पारदर्शक पिशवी सैलसर घाला. सेजवर घालू नका, तो कुजतो. दोन ते चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडल्यासारखं वाटलं तर मुळं धरलीत. सूत्रकृमी मुळांत राहतात, त्यामुळे गाठी आलेल्या झाडाचे वरचे शेंडेही असे वाचवता येतात.

कूज, कीड काहीही नसलं तरी सेजसारख्या लाकूड धरणाऱ्या जाती तीन-चार वर्षांनी उघड्या, वेड्यावाकड्या होतात. दरवर्षी दोन-तीन फांद्या लावून ठेवलेल्या बऱ्या.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

खोडावर नखाने हलकेच खरवडा. आत हिरवा, ओलसर थर असेल तर झाड जिवंत आहे. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळीकडे तपकिरी, कोरडं लागलं तर ते गेलेलं आहे. आणखी पाणी घालू नका.

पानं वेडीवाकडी, पिवळ्या-हिरव्या ठिगळांची येत असतील आणि कीड नसेल, तर विषाणूचा संशय घ्या. त्याला औषध नाही. फांद्याही लावू नका, विषाणू त्यांच्यातही असतो. झाड पिशवीत बांधून फेकून द्या, कात्री स्वच्छ करा.

पानाखाली करडी-जांभळट बुरशी आणि वर कोनाकोनाचे डाग दिसले, किंवा मातीलगतचं खोड काळं पडून एकामागून एक कुंड्या बसायला लागल्या, तर ते घरगुती इलाजाचं काम नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. केवडा (पानाखालची ती करडी-जांभळट बुरशी) आणि मुळकूज यांची औषधं वेगळी आहेत आणि अंदाजाने मारलेलं बुरशीनाशक बहुधा वाया जातं.

साबणाच्या चार फेऱ्यांनंतरही कीड हटत नसेल तर शेतातलं कडक कीटकनाशक घरात मारू नका. बंद खोलीत ते माणसांच्या श्वासात जातं, आणि सेज किंवा एलेगन्सची पानं कुणी खाण्यात वापरत असेल तर धोका आणखी वाढतो. एक तर रोपवाटिकेतल्या जाणकाराला दाखवा किंवा झाड सोडून द्या. कुणाच्या पोटात औषध गेलंच तर डबा हातात घेऊन थेट डॉक्टरकडे जा.

साल्व्हियाबरोबर घरातली इतर झाडंही एकदम पानं-फुलं टाकत असतील आणि घरात गॅसचा हीटर किंवा शेगडी असेल, तर कुंड्यांचा नाद सोडा. खिडक्या उघडा, हीटर बंद करा आणि गॅसच्या तंत्रज्ञाला बोलवा. अर्धवट ज्वलनात इथिलीनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला वास नसतो. कुणाचं डोकं दुखत असेल, गरगरत असेल तर आधी सगळे घराबाहेर पडा आणि डॉक्टरांची मदत घ्या.

तज्ज्ञाकडे जाताना नुसतं एक वाळकं पान नेऊ नका. मेलेल्या पानावर नंतर वाढलेल्या बुरशीच सापडतात. शक्य असेल तर कुंडीसकट झाड न्या. नाहीतर निम्मं हिरवं, निम्मं डागाळलेलं पान आणि थोडी मुळं कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोहोचवा, ओल्या प्लास्टिकमध्ये नको. पाणी शेवटचं कधी दिलं, कोणतं खत किती घातलं, काय फवारलं आणि कुंडी कोणत्या खिडकीत आहे, हे लिहून न्या. जागेचा दुपारचा फोटोही असू द्या.